एसी चालू असला की घाटात इंजिन का तापते?

प्रश्न : कसारामार्गे

नमस्कार. माझ्याकडे १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, आठ वर्षे वापरलेली छोटी गाडी आहे आणि कामानिमित्त नाशिक–ठाणे ये-जा नेहमीची आहे. पावसाळ्यात आणि थंडीत तिची कसलीही तक्रार नसते. उन्हाळा लागला की मात्र ठाण्याहून परतताना कसारा घाटात, विशेषतः पुढे मालाने भरलेला ट्रेलर रांगत असेल आणि त्याच्यामागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जावे लागत असेल, तर तापमानाचा काटा मधली खूण सोडून वर चढू लागतो. एसी बंद करून काचा उघडल्या की थोड्याच वेळात तो खाली येतो. इगतपुरीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास गेला, की एसी पूर्ण चालू ठेवूनही काटा जागचा हलत नाही. भिवंडी बायपासच्या कोंडीत दुपारी अडकलो तर तो घाटातल्यासारखाच, पण जरा सावकाश, चढतो.

दोन-तीन ठिकाणी विचारले असता प्रत्येक ठिकाणी वेगळे उत्तर मिळाले. एकाचे म्हणणे असे की एसीचा लोड या इंजिनाला झेपत नाही, तेव्हा घाटात एसी लावूच नये. दुसऱ्याने थर्मोस्टॅट (इंजिनाच्या पाण्याची वाट तापमानानुसार उघडणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला दिला, कारण त्याच्या मते आपल्याकडच्या हवेत त्याची गरजच नाही. तिसऱ्याने थेट कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) बदलण्याचा खर्च सांगितला. एसीचा गॅस मार्चमध्ये भरून घेतला आहे. कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी कमी झाली की बाटलीत पाणी घालतो. बाहेर कुठे गळती दिसत नाही.

एसीमुळे इंजिन तापण्याचे नेमके कारण काय, एवढे तापणे स्वाभाविक मानावे की तो दोष समजावा, आणि तपासणी कोठून सुरू करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : उष्णतेचा हिशेब

निदानाचा निम्मा भाग आपल्या वर्णनातच आलेला आहे. तरीही आधी कारण पाहू, म्हणजे आपल्याला मिळालेल्या तिन्ही सल्ल्यांची किंमत आपोआप ठरेल.

एसी केबिनमधली उष्णता उचलतो आणि गाडीच्या नाकाशी आणून टाकतो. ती टाकण्याची जागा म्हणजे कंडेन्सर, आणि पुढे इंजिन असलेल्या बहुतेक सर्व गाड्यांमध्ये तो रेडिएटरच्या (इंजिनाचे पाणी गार करणाऱ्या जाळीच्या) अगदी समोर बसवलेला असतो. त्यामुळे जाळीतून आत येणारी हवा आधी कंडेन्सरमधून जाते, तिथली उष्णता घेते आणि मग रेडिएटरपर्यंत पोहोचते. एसी चालू असताना रेडिएटरला ताजी हवा कधीच मिळत नाही, उष्टी हवा मिळते.

आता थोडे आकडे मांडतो. ते उदाहरणादाखल आहेत, आपल्या गाडीचे मोजलेले नव्हेत. पण प्रमाण समजण्यास पुरेसे आहेत. छोट्या गाडीचा एसी भर उन्हात केबिनमधून सुमारे ४ किलोवॅट उष्णता काढत असेल आणि त्यासाठी कॉम्प्रेसर इंजिनाकडून २ किलोवॅट घेत असेल, तर कंडेन्सरला या दोहोंची बेरीज, म्हणजे ६ किलोवॅट, हवेत सोडावी लागते. गाडी उभी किंवा रांगत असताना पंख्याने सेकंदाला ०.४ किलो हवा ओढली, तर ती हवा कंडेन्सर ओलांडताना सुमारे १५ अंशांनी तापते. बाहेर ४० अंश असतील, तर रेडिएटरला ५५ अंशांची हवा मिळते. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे पाण्याच्या आणि हवेच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. पाणी ९५ अंशांवर आहे असे धरले, तर एसी बंद असताना हा फरक ५५ अंशांचा होता, तो आता ४० वर आला. इंजिनात काहीही न बिघडता रेडिएटरची एक चतुर्थांशाहून अधिक क्षमता इथेच गेली.

दुसरी बाजू कॉम्प्रेसरच्या ओझ्याची आहे. सुमारे १३०० किलो वजनाची भरलेली गाडी शंभर मीटरमागे पाच मीटर चढ असलेल्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने नेण्यासाठी चाकांपाशी साधारण ७ किलोवॅट लागतात. त्यात कॉम्प्रेसरचे दोन-अडीच किलोवॅट मिळवले, की इंजिनावरचे ओझे जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातून ढोबळमानाने जेवढी ऊर्जा कामी येते, साधारण तेवढीच उष्णता कूलंटमध्ये उतरते. म्हणजे ज्या क्षणी रेडिएटरची शक्ती घटते, त्याच क्षणी त्याच्या वाट्याला येणारे काम वाढते. हे दोन्ही परिणाम एकमेकांवर चढतात, म्हणूनच एसी बंद करताच काटा इतक्या लवकर खाली येतो.

मोकळ्या रस्त्यावर ८० च्या वेगाने जाताना वाऱ्याचा झोत पंख्याच्या कित्येक पट हवा देतो. तीच ६ किलोवॅट उष्णता एवढ्या हवेत विखुरली की हवा जेमतेम काही अंशांनी तापते आणि रेडिएटरला फरक जाणवत नाही. आपली गाडी तिथे शांत राहते, यावरून दोन गोष्टी बऱ्याच अंशी सिद्ध होतात : पाण्याचे अभिसरण अगदीच मंदावलेले नाही, आणि रेडिएटर आतून पूर्ण चोंदलेला नाही. तसे असते तर भरधाव वेगातही काटा चढला असता. कमी वेगात तापणे आणि मोठ्या वेगात न तापणे हे लक्षण हवेच्या तुटवड्याचे आहे, त्यामुळे पहिला संशय पंख्यावर आणि हवेच्या मार्गावर घ्यावा.

आता स्वाभाविक की दोष, याविषयी. काटा मध्यापासून हलणे मी दोषच मानतो. बहुतेक आधुनिक गाड्यांत हा काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. पाणी ७५ अंशांवर असो वा १०० वर, तो मध्येच उभा राहतो. म्हणजे तो हलतो तेव्हा पाणी आधीच बरेच तापलेले असते. "इंजिनाला एसी झेपत नाही" हे वाक्य एके काळी अगदीच निराधार नव्हते. मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन सुमारे ३७ अश्वशक्तीचे होते आणि त्यातली तीन-चार अश्वशक्ती एसीने घेतली, की चढावर ते चालकाला स्पष्ट जाणवे. मात्र गाडीची ओढ कमी होणे वेगळे आणि इंजिन तापणे वेगळे. एसी बसवून विकलेल्या गाडीची शीतन यंत्रणा एसीसकट चढ चढण्याइतकी सक्षम असतेच. ती तशी उरलेली नाही, म्हणजे तिच्यातला राखीव भाग कुठेतरी झिजला आहे आणि एसी तो फक्त उघडा पाडतो आहे.

प्रतिसाद : जुना मिस्त्री

वरील विवेचन बरोबर आहे. गॅरेजमध्ये उभे राहून काय पाहावे ते मी सांगतो.

गाडी सपाटीवर उभी करून, हँडब्रेक ओढून इंजिन चालू करावे, एसी सर्वांत थंड आणि ब्लोअर सर्वांत जोरात ठेवावा आणि बॉनेट उघडून पंख्याकडे पाहावे. पंख्याजवळ हात नेऊ नये आणि सैल कपडे घालून वाकू नये. तो सूचना न देता सुरू होतो. बऱ्याच गाड्यांमध्ये पंख्याला दोन वेग असतात. एसी लागताच, किंवा गॅसचा दाब थोडा वाढताच, तो हळू वेगात फिरू लागतो आणि दाब किंवा पाण्याचे तापमान आणखी वाढले की जोरात फिरतो. हळू वेग आणि जोराचा वेग यांचे रिले (वीज जोडणारे स्विच) वेगवेगळे असू शकतात, म्हणून एक वेग चालू आणि दुसरा मेलेला अशी अवस्था सहज येते. पंखा फिरतोय, म्हणजे ठीक आहे, असे समजून पुष्कळ जण पुढे जातात आणि इथेच फसतात. जोराचा रिले गेलेला असेल तर थंडीच्या दिवसांत काहीच कळत नाही, मे महिन्यात घाटात कळते. याच्या उलट, हळू वेगाचा रेझिस्टर जळला असेल तर पंखा बराच वेळ थांबूनच राहतो आणि मग एकदम जोरात सुटतो.

पंखा दोन्ही वेगांत फिरला तरी तो पुरेशी हवा ओढतो की नाही, हे वेगळे पाहावे लागते. आठ वर्षांत मोटरचे ब्रश झिजतात, बुश सैल होते, अर्थिंगच्या जोडावर गंज चढतो आणि पंखा दिसायला फिरत असला तरी त्यात जीव नसतो. वर्तमानपत्राचा एक पूर्ण कागद समोरच्या जाळीवर ठेवून पाहावा. तो ओढला जाऊन चिकटून राहिला पाहिजे. गळून पडला तर हवा कमी आहे. कागद पुढे ढकलला गेला, तर कोणीतरी मोटर बदलताना तारा उलट्या जोडल्या आहेत आणि पंखा इंजिनाची गरम हवा पुढे फेकतो आहे. असे पंखे मी पाहिलेले आहेत.

यानंतर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, मागून रेडिएटर स्वच्छ दिसतो, पण दोघांच्या मध्ये धूळ, किडे, पाचोळा आणि तेलाचा चिकटा यांचा जाड थर साचलेला असतो. उसाच्या पट्ट्यात चालणाऱ्या गाड्यांत तिथे पाचटाचा भुसा निघतो, तर कापसाच्या भागातल्या गाड्यांत सरकीचे तंतू निघतात. हे साफ करायचे तर वरच्या क्लिपा सोडून रेडिएटर थोडा मागे झुकवावा लागतो आणि कमी दाबाचे पाणी मागून पुढे मारावे लागते. सर्व्हिस स्टेशनच्या गनने जवळून फवारा मारला तर ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या वाकतात आणि आधीपेक्षा कमी हवा जाते. त्याच वेळी रेडिएटरच्या कडांना असलेल्या फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या आणि पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण जागेवर आहे का, तेही पाहावे. त्या पट्ट्या गेल्या की पंखा समोरची हवा ओढण्याऐवजी बाजूच्या फटींतून इंजिनाचीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवत बसतो. इंजिनाखालचे प्लॅस्टिकचे कवच स्पीडब्रेकरला घासून तुटले आणि परत लावलेच नाही, तरी हाच प्रकार होतो.

तिसरी गोष्ट मार्चमध्ये भरलेल्या गॅसची, आणि माझा खरा संशय पंख्याइतकाच इथेही आहे. एसीत किती गॅस भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेले असते. छोट्या गाड्यांत तो बहुधा अर्ध्या किलोच्या आत असतो. योग्य रीत अशी की जुना गॅस काढून घ्यावा, व्हॅक्यूम करून आतली हवा आणि ओल काढावी आणि मग वजन करून गॅस भरावा. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी मीटर लावून, अंदाजाने, वरून गॅस मारतात. गॅस जास्त झाला की तो द्रव होऊन कंडेन्सरचा खालचा भाग अडवतो, उरलेल्या भागात दाब चढतो आणि कॉम्प्रेसरला तीच थंडी देण्यासाठी अधिक जोर लावावा लागतो. आत हवा राहिली तरी दाब असाच वाढतो. आर-१३४ए हा गॅस ६० अंशांवर द्रव होत असेल तर मीटरवर सुमारे १६ बार दिसतात, ७० अंशांवर सुमारे २०. चाळीस अंशांच्या हवेत गाडी उभी असताना दाब १६ च्या आसपास राहत असेल तर ठीक. तो सतत वीसच्या वर असेल, तर पंखा कमी हवा देतो आहे किंवा गॅस जास्त आहे. समोरून कंडेन्सरवर पाण्याचा बारीक फवारा मारून पाहावे. दाब झपाट्याने खाली आला तर हवेचा दोष धरावा, फारसा हलला नाही तर गॅसकडे वळावे.

कॉम्प्रेसर बदलण्याचा खर्च आत्ता मुळीच करू नये. एसी नीट थंड करत असेल आणि खडखडाट नसेल, तर कॉम्प्रेसरवर ठपका ठेवायला काही आधार नाही.

प्रतिसाद : कसारामार्गे

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे आज घरासमोर तपासणी केली. एसी लावताच पंखा फिरतो, पण बराच वेळ थांबून पाहिले तरी त्याचा वेग वाढला नाही. काटा मध्य सोडून वर सरकू लागला तेव्हाही पंखा त्याच चालीने फिरत राहिला, तेव्हा इंजिन बंद केले. कागद जाळीला धड चिकटत नाही, घसरून खाली येतो. बॅटरीच्या उजेडात वरून डोकावले असता दोन जाळ्यांच्या मध्ये राखाडी थर दिसतो आहे. इंजिनाखालचे कवच गाडीला नाही.

पंख्याचे काम आता मार्गी लागेल असे दिसते. पण थर्मोस्टॅट आणि पाणी या दोन बाबींविषयी अजून कोणी बोललेले नाही. बाटलीतले पाणी कमी का होते, हेही कोडे आहे.

प्रतिसाद : चंद्रपूरचा उन्हाळा

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणे नवे नाही, त्यामुळे या विषयाशी दरवर्षी गाठ पडते. थर्मोस्टॅटविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तो काढून टाकण्याचा सल्ला विदर्भात जितक्या सहज दिला जातो तितका बहुधा कुठेच दिला जात नसेल.

थर्मोस्टॅट ही मेणाच्या प्रसरणावर चालणारी झडप आहे. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान पोहोचले की ती उघडू लागते आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडते. बाहेर ४५ अंश असले तरी इंजिनाला ९० अंश हवेच असतात, म्हणून "आपल्याकडच्या हवेत गरज नाही" या म्हणण्याला अर्थ नाही. झडप काढली की हलक्या ओझ्यावर इंजिन गरजेपेक्षा थंड राहते, संगणक त्याला अजून गरम न झालेले इंजिन समजून जास्त पेट्रोल पाजतो आणि ऑइलमध्ये ओल साचते. याहून महत्त्वाचे असे की, पुष्कळ इंजिनांत हीच झडप उघडताना मागच्या बाजूने बायपासची वाट बंद करत असते. ती काढली की बायपास कायमचा उघडा राहतो आणि पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाताच पुन्हा इंजिनात शिरतो. अशा इंजिनात थर्मोस्टॅट काढल्यावर घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. झडप अर्धवट अडकल्याचा संशय असेल तर ती काढून पातेल्यात पाण्यात टाकावी, पाण्यात तापमापक धरावा आणि ती कधी व किती उघडते ते डोळ्यांनी पाहावे. बिघडली असेल तर नवी, त्याच अंशांची, बसवावी.

आता पाणी. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार गरम धातूवर थर धरून बसतात आणि तो थर ॲल्युमिनियमच्या तुलनेत उष्णता फारच कमी वाहून नेतो. शिवाय नुसत्या पाण्यात गंजरोधक नसल्याने वॉटर पंपाची पाती खात जातात. निम्मे एथिलीन ग्लायकॉल आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण उघड्या भांड्यात १०७-१०८ अंशांना उकळते, आणि रेडिएटरचे झाकण सुमारे १ बार दाब धरून असले तर त्याहीपेक्षा बरेच वर, १२५ च्या पुढे. वारंवार पाणी घालून मिश्रण पातळ होत गेले की ही सूट कमी होत जाते. झाकणाचे रबर गेले असेल तर दाबही टिकत नाही, आणि मग समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या घाटमाथ्यापाशी, साधे पाणी ९८ अंशांनाच उकळू लागते. झाकण ही या साऱ्या यंत्रणेतली सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि तिच्याकडे सर्वांत शेवटी पाहिले जाते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

उलट दिशेलाही जाऊ नये. घट्ट कूलंट जितके जास्त तितके चांगले असे समजून काही जण पाणी न मिसळताच ते भरतात. ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची शक्ती पाण्यापेक्षा कमी असते, त्यामुळे असे इंजिन जास्तच तापते. डब्यावर तयार मिश्रण आहे की पाणी मिसळण्याचे आहे, हे वाचूनच भरावे. एका रंगाचे कूलंट दुसऱ्या रंगाच्या कूलंटमध्ये मिसळू नये. पूर्ण रिकामे करून, आत साधे डिस्टिल्ड वॉटर फिरवून मग नवे भरावे आणि शेवटी आतली हवा काढावी. हवेचा बुडबुडा हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) अडकला तर सगळे नवे असूनही काटा चढतो.

प्रतिसाद : डिझेल जीपवाला

आडव्या इंजिनाच्या छोट्या गाड्यांना वरील सर्व लागू पडते. उभ्या इंजिनाच्या डिझेल जीपवाल्यांसाठी एक भर घालतो. अशा बऱ्याच गाड्यांत पंखा थेट इंजिनावर असतो आणि त्याच्या मधोमध सिलिकॉन तेलाने भरलेला व्हिस्कस क्लच असतो. समोरची द्विधातूची गुंडाळी रेडिएटरमधून येणाऱ्या हवेने तापली की तेल आत सोडते आणि पंखा इंजिनाबरोबर जोराने फिरू लागतो. तेल गळून गेले की पंखा नुसता वाऱ्यावर फिरतो. इंजिन पूर्ण बंद आणि थंड असताना पंखा हाताने फिरवावा. त्याला थोडा अटकाव जाणवला पाहिजे. झटका दिल्यावर तो मोकळा गरगर फिरत राहिला, तर क्लच संपला. शिवाय पुढे लावलेले जाड गार्ड, जादा दिवे, मोठे हॉर्न आणि किडे येऊ नयेत म्हणून जाळीवर ताणलेले हिरवे कापड ही सगळी हवेच्या वाटेतली अडचण आहे. हौस म्हणून लावायला हरकत नाही, पण मग घाटात तक्रार करू नये.

प्रतिसाद : कॅलिफोर्नियातला मराठी

घाटात एसी बंद करण्याचा सल्ला फक्त आपल्याकडेच दिला जातो असे नाही. इथे डेथ व्हॅलीतून बाहेर पडणाऱ्या लांब चढांवर, इंजिन तापू नये म्हणून पुढचे अमुक मैल एसी बंद ठेवा, अशा अर्थाच्या सरकारी पाट्याच लावलेल्या आहेत. दुसरीकडे, अमेरिकेत ट्रेलर ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी ‘जे-२८०७’ नावाचे मानक आहे, त्यात ॲरिझोनातील डेव्हिस डॅम ग्रेड या सुमारे १८ किलोमीटरच्या चढाची कसोटी आहे. किमान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ३८ अंश सेल्सिअस, तापमानात, ट्रेलर जोडलेला असताना आणि एसी पूर्ण क्षमतेवर चालू ठेवून गाडीने तो चढ किमान वेग राखून, न तापता चढायचा असतो. पाटी जुन्या आणि थकलेल्या गाड्यांना उद्देशून आहे, कसोटी नव्या गाडीसाठी. उष्णतेचा हिशेब मांडणाऱ्यांचा मुद्दा मला म्हणूनच पटतो.

प्रतिसाद : जुना मिस्त्री

पंखा एकाच वेगात अडकला आहे, हे स्पष्ट झाले. आधी जोराच्या वेगाचा फ्यूज आणि रिले पाहावा. शेजारचा त्याच जातीचा रिले काढून तात्पुरता तिथे बसवला तर लगेच कळते. बऱ्याच गाड्यांत तापमानाच्या सेन्सरचा प्लग काढला की संगणक सुरक्षिततेसाठी पंखा पूर्ण जोरात लावतो. तसे झाले तर मोटर आणि तारा ठीक आहेत असे धरावे आणि सेन्सर तपासावा. चेक इंजिनचा दिवा लागेल, त्याला घाबरू नये. जोराचा वेग मिळाल्यावरही कागद चिकटला नाही तर मोटरच बदलावी. ती काढलेली असतानाच मधली फट धुऊन घ्यावी, म्हणजे दोनदा मजुरी पडत नाही. कवचही बसवून घ्यावे.

तोवर घाट चढावाच लागला तर पुढच्या ट्रेलरपासून ऐसपैस अंतर ठेवावे, कारण त्याच्या पाठीशी चिकटून गेल्यास समोरची हवा अडते आणि त्याचा गरम धूर आपल्या जाळीत जातो. वरच्या गिअरमध्ये इंजिन कुंथवण्याऐवजी खालच्या गिअरमध्ये मोकळे फिरू द्यावे, म्हणजे वॉटर पंप पाणी भरपूर फिरवतो. काटा चढलाच तर एसी बंद करून काचा उघडाव्यात आणि हीटर सर्वांत गरम करून ब्लोअर पूर्ण जोरात सोडावा. हीटरची जाळी म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो. आत बसणाऱ्यांचे हाल होतात, पण इंजिन वाचते. तरीही काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबावे. वाफ नसेल आणि पंखा फिरत असेल तर इंजिन थोडा वेळ तसेच चालू ठेवावे. वाफ किंवा कूलंटचा गोडसर वास येत असेल तर ताबडतोब बंद करावे. झाकण किमान अर्धा तास उघडू नये आणि तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेड तडकते. आणखी एक : बऱ्याच गाड्यांत पाणी फार तापले की संगणक कॉम्प्रेसर आपोआप तोडतो. घाटात एसी अचानक गार करेनासा झाला, तर गॅस संपला असे समजण्याआधी काट्याकडे पाहावे. ज्या गाड्यांत काटाच नसतो, नुसता निळा आणि तांबडा दिवा असतो, त्यांच्या मालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

शेवटची गोष्ट कमी होणाऱ्या पाण्याची. बाहेर गळती नाही आणि पातळी घटते, तर तीन शक्यता उरतात. झाकण दाब धरत नसेल आणि पाणी वाफ होऊन जात असेल. वॉटर पंपाच्या सीलमधून थेंब थेंब गळून गरम इंजिनावर सुकत असेल, तेव्हा पंपाखाली रंगीत डाग दिसतात. किंवा हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन यांच्यामधली सील) गळू लागले असेल. पहिल्या दोन गोष्टी रेडिएटरला हातपंपाने दाब देऊन, गाडी थंड असताना, काही मिनिटांत कळतात. गॅस्केटसाठी सकाळी थंड इंजिन चालू करून वरचा होज पाइप दाबून पाहावा. पाणी गरम होण्याआधीच तो दगडासारखा कडक झाला किंवा बाटलीत सतत बुडबुडे येत राहिले, तर जळालेला वायू पाण्यात शिरतो आहे. खात्री करायची तर रेडिएटरच्या तोंडावर निळ्या रसायनाची नळी धरतात. ते पिवळे पडले तर गॅस्केट गेले. तसे निघाले तर पंखा, कूलंट आणि गॅस यांवर आधी खर्च करू नये. हेड उतरवून ते सपाट आहे का ते टर्नरकडे मोजून घ्यावे आणि बाकीची कामे त्यानंतर करावीत.